टपालहशिलाची खूण : खिडकीवरची आणि घरची

पत्रावर डकवलेले तिकीट ही मुळात एक पावती होय. पत्र पोचविण्याचे हशील आगाऊ मिळाले आहे, एवढेच ते टपालखात्याच्या नोकरांना सांगते. ही पावती कोणी करावी, ती खरी कशी ओळखावी आणि एकदा वापरलेली पावती पुन्हा वापरली जाणार नाही याची खात्री कशी करावी, हे तीन प्रश्न तिकिटाच्या जन्मापासून टपालखात्यापुढे उभे आहेत. आज काही देशांत नागरिक आपल्या घरीच टपालहशिलाची खूण छापून घेतो. ही सोय या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच टप्प्याटप्प्याने घडत आली आहे.

सरकारी तिकिटाचा काळ

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये हशील बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर अवलंबून असे. रोलंड हिल याने १८३७ साली एक पुस्तिका लिहून, हशील पाठविणाऱ्याने आगाऊ द्यावे आणि अंतराचा विचार न करता ते वजनावर ठरवावे, असे सुचविले. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी हा दर सुरू झाला आणि ६ मे रोजी काळ्या रंगाचे पहिले तिकीट वापरात आले. त्यावर मारला जाणारा तांबडा शिक्का पुसून लोक तेच तिकीट पुन्हा वापरू शकत. त्यामुळे १८४१ साली तिकीट तांबडे आणि शिक्का काळा करण्यात आला. फसवणुकीचा बंदोबस्त शाई आणि रंग यांच्याद्वारे करण्याचा हा काळ होता.

भारतात सिंध प्रांतापुरती तिकिटे १८५२ साली निघाली आणि १८५४ साली ती सर्व ब्रिटिश मुलखासाठी सुरू झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. ज्यावर तिकीट नाही असे पत्र घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड बसे. मराठीत रूढ झालेला ‘नॉटपेड’ हा शब्द अशा पत्रांचीच आठवण आहे. या व्यवस्थेत तिकीट छापण्याचा अधिकार केवळ सरकारचा होता. नाशिकच्या सरकारी छापखान्यात तिकिटे छापण्यामागेही हाच विचार आहे.

कुलूपबंद यंत्र

ज्या कचेऱ्यांतून दररोज शेकडो लखोटे जात, त्यांना तिकिटे विकत आणणे, जपून ठेवणे आणि डकवणे जिकिरीचे होते. नोकराने चार तिकिटे खिशात घातली तर पत्ता लागत नसे. अमेरिकेत आर्थर पिटनी याने यावर एक यंत्र शोधून काढले आणि तेथील टपालखात्याने १९२० साली त्याच्या वापरास मान्यता दिली. आपल्याकडे अशा यंत्राला फ्रँकिंग यंत्र म्हणतात. तिकिटाऐवजी ते लखोट्यावर रकमेचा ठसा उमटवते.

या यंत्रात दोन गणक असत. एक आजवर खर्च झालेली रक्कम दाखवी आणि दुसरा शिल्लक रक्कम. समजा, पाचशे डॉलर खर्च झाले आहेत आणि शंभर शिल्लक आहेत, तर बेरीज सहाशे. आणखी वीस डॉलर खर्च होताच आकडे पाचशे वीस आणि ऐंशी होतील, पण बेरीज सहाशेच राहील. नवी रक्कम भरल्याखेरीज ही बेरीज बदलली तर यंत्रात काहीतरी गडबड आहे असे समजावे. रक्कम भरण्यासाठी गणकाचा भाग टपालकचेरीत न्यावा लागे आणि तेथील अधिकारी तो मोहोरबंद करून परत देई. अशा रीतीने पावती करण्याचे काम प्रथमच खिडकीबाहेर गेले. विश्वास मात्र कुलपावर आणि मोहरेवर होता.

घरचा छापखाना

घरोघरी संगणक आणि छपाईयंत्रे आल्यावर अडचण वेगळीच झाली. संगणकाला जोडलेले छपाईयंत्र एकाच खुणेच्या शंभर हुबेहूब प्रती काढू शकते. तेथे रंग, कागद वा मोहोर यांचा उपयोग नाही. यावर अमेरिकेच्या टपालखात्याने जे उत्तर काढले त्याचे मर्म असे की, नक्कल करणे अशक्य करण्यापेक्षा ती निरुपयोगी करावी. प्रत्येक खुणेत काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक संकेताकृती असते. तीत रक्कम, तारीख, परवान्याचा क्रमांक, त्या खुणेचा स्वतंत्र अनुक्रमांक आणि गणिती पद्धतीने तयार केलेली एक गुप्त सही साठवलेली असते. रकमेत फेरफार केला तर सही जुळत नाही, आणि तोच अनुक्रमांक दुसऱ्यांदा आला तर तपासणीयंत्राला ती नक्कल असल्याचे ओळखता येते. ऑगस्ट १९९९ मध्ये दोन खाजगी कंपन्यांना अशी खूण देशभर विकण्याची परवानगी मिळाली. २००२ साली टपालखात्याने पार्सलांसाठी ‘क्लिक-एन-शिप’ ही स्वतःची सेवा काढली.

कोणाची सोय, कोणाचा भार

घरी छापण्याचे फायदे उघड आहेत. रांगेत उभे राहावे लागत नाही, खिडकीच्या वेळा पाळाव्या लागत नाहीत आणि पार्सल घरूनच पोस्टमनच्या हाती देता येते. दरही बहुधा कमी पडतो. अमेरिकेत २०१४ साली तिकीट लावलेल्या साध्या पत्राला ४९ सेंट पडत, तर यंत्राची किंवा संगणकाची खूण असलेल्या पत्राला ४८. २०१७ साली हे आकडे ४९ आणि ४६ झाले. टपालखात्याचे श्रम वाचतात, म्हणून ही सवलत न्याय्य म्हणता येईल.

परंतु हे श्रम नाहीसे होत नाहीत. ते पाठविणाऱ्याकडे येतात. वजनकाटा, छपाईयंत्र, शाई आणि कागद त्याने बाळगायचा. वजन, माप आणि दर त्यानेच ठरवायचे. वजन कमी लिहिले तर उरलेली रक्कम पुढे वसूल होते आणि छापलेली खूण वापरली नाही तर परताव्याचा अर्ज ठराविक मुदतीत करावा लागतो. खाजगी कंपन्यांच्या सेवेला बहुधा मासिक वर्गणी असते. रोज दहा पार्सले पाठविणाऱ्या दुकानदाराला ती सहज परवडते. वर्षाकाठी चार पत्रे पाठविणाऱ्या वृद्धेला सवलतीपेक्षा वर्गणीच जड होईल.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. घरी छापलेल्या खुणेने हशील दिल्याचे सिद्ध होते, पार्सल टपालखात्याच्या ताब्यात गेल्याचे नव्हे. खिडकीवरचा कारकून वस्तू हातात घेतो, तोलतो आणि तारखेची पावती देतो. मुदतीचा अर्ज किंवा न्यायालयीन कागद पाठविणाऱ्याला हीच पावती मोलाची असते. घरी छापणाऱ्याने पोस्टमनकडून नोंद करून घेतली नाही तर वाद उद्भवल्यास त्याच्या हाती काही उरत नाही.

तिसरा फरक ओळखीचा आहे. तिकीट कोणी विकत घेतले हे तिकीट सांगत नाही. घरी छापलेली खूण मात्र खरीददारापर्यंत नेऊन पोचविते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१९ पासून, केवळ तिकिटे लावलेले पुडके दहा औंसांहून जड किंवा अर्ध्या इंचाहून जाड असेल तर ते टपालपेटीत टाकता येत नाही, खिडकीवरच द्यावे लागते. संगणकाची खूण असलेल्या पुडक्याला हे बंधन नाही, कारण ते कोणाचे आहे हे शोधता येते. सोयीच्या बदल्यात नागरिक आपली अनामिकता देतो.

पावतीची मुदत

जर्मनीत याहीपुढे पाऊल पडले. डिसेंबर २०२० पासून तेथे भ्रमणध्वनीवर मिळणारी अक्षरे व अंक लखोट्यावर लेखणीने लिहिले तरी पुरते. छपाईयंत्राचीही गरज उरली नाही. पण हा संकेत चौदा दिवसांतच बाद होत असे. साधे तिकीट वर्षानुवर्षे चालते, मग त्याच पैशांच्या संकेताला एवढी अल्प मुदत का, असा प्रश्न ग्राहकसंघटनेने न्यायालयात नेला. २०२३ साली कोलोनच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने ही अट ग्राहकांवर अन्याय करणारी ठरविली. पावतीचा कागद नाहीसा झाला तरी पैसे देणाऱ्याचा हक्क नाहीसा होत नाही, हा या निकालाचा अर्थ होय.

या इतिहासात विश्वासाचे स्थान शाईतून कुलपात आणि कुलपातून अंकांत गेले. प्रत्येक वेळी पाठविणाऱ्याला थोडे स्वातंत्र्य मिळाले आणि त्याबरोबर थोडी जबाबदारीही त्याच्यावर आली. ज्याच्याकडे साधने आहेत त्याला हा व्यवहार लाभाचा आहे. भारतातील दीड लाखांहून अधिक टपालकचेऱ्यांपैकी बहुसंख्य खेड्यांत आहेत आणि तेथे खिडकीवरचा माणूस वजन करतो, दर सांगतो, प्रसंगी पत्ताही लिहून देतो. हिलच्या सुधारणेचे खरे मोल असे की, एक पेनी देणारा कोणीही असो, त्याचे पत्र सारख्याच मानाने पोचत असे. घरचे छपाईयंत्र हे खिडकीवरची गर्दी कमी करण्याचे उत्तम साधन आहे. पण ज्याच्याकडे ते नाही त्याला खिडकी बंद आढळली, तर १८४० साली मिटवलेले अंतर पुन्हा उघडेल.