बॅकअप अडला तर आधी फाइलचे नाव पाहा

जुन्नरच्या कागदी कारागिरांच्या कागदावर लिहिलेली पेशवाईतील दप्तरे आजही वाचता येतात. संगणकातील खातेवहीचा तसा भरवसा नाही. आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

नारायणगाव-मंचरकडील पेढीवर दोन-तीन संगणक जोडलेले असले की रात्री एकाचा बॅकअप दुसऱ्यावर घेतात. मध्येच ‘फाइल वाचता आली नाही’ असा संदेश येतो. बरेच जण तो बाजूला सारून दुकान वाढवतात. आमच्या मते येथेच घात होतो, कारण राहिलेली फाइल नेमकी हिशेबाची असू शकते.

व्यापारी बंधूंनी त्या फाइलचे नाव लिहून ठेवावे. रोज तीच फाइल अडत असेल, तर गल्ल्यावरच्या संगणकात हिशेबाचा प्रोग्राम उघडा राहिला आहे का ते पाहावे. चालू फाइलची नक्कल झालीच, तरी ती अर्धवट निघू शकते. ‘परवानगी नाही’ असा संदेश असेल तर फोल्डरची परवानगी तपासावी. रोज वेगळी फाइल अडली, तर संशय केबलवर किंवा स्विचवर घ्यावा.

सर्व प्रोग्राम बंद करून तीच फाइल मूळ संगणकावरूनच पेनड्राइव्हवर घ्यावी. उतरली तर दोष बहुधा जोडणीचा किंवा परवानगीचा. तेथेही अडली, तर हार्डडिस्क खराब होत असल्याचा संभव मोठा. अशा वेळी चेकडिस्क चालवण्याची घाई नको. त्या ताणाने दुबळी डिस्क पुरती बसू शकते. आधी वाचता येईल तेवढे दुसरीकडे उतरवावे. जुना बॅकअप पुसू नये, आणि नवा वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून मागील महिन्याची बाकी जुळते का ते पाहावे.