बर्फाच्या लादीवर सवलत मिळेल का?

प्रश्न : मालवणात आमचा बर्फाचा कारखाना आहे. भाचा इंग्लंडात एका शीतगृहात नोकरीला. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, तिकडे सरकारशी करार केला की विजेवरचा कर ९२ टक्के माफ! त्यावर आमच्या पडवीत दोन रात्री गजाली चालल्या. हे खरं आहे का? आणि आपल्याकडे का नाही?

उत्तर : भाचा खरं बोलला, पण त्याच्या वाक्यातला ‘कर’ हा शब्द घट्ट धरा. माफ होतं ते बिल नव्हे. ब्रिटनमध्ये एप्रिल २००१ पासून उद्योगधंद्यांच्या विजेवर नि गॅसवर हवामान बदलाच्या नावाने वेगळा कर आहे. विजेवर तो युनिटमागे सुमारे ०.८ पेन्स, म्हणजे आपले नव्वदेक पैसे. त्यातले ९२ टक्के सुटतात. करार त्या त्या धंद्याच्या संघटनेमार्फत होतो. शीतगृहवाल्यांची संघटनाही त्यात आहे. ऊर्जा किती वाचवायची ते ठरतं, मुदतीने तपासणी होते. आकडा हुकला तर तुटीतल्या प्रत्येक टन कार्बनमागे पैसे मोजायचे, तरच सवलत पुढे चालू. आधी कर बसवायचा, मग तोच सोडायचं आमिष दाखवायचं, अशी ही युक्ती.

माफी आपल्याकडेही आहे. औद्योगिक विजेवर वीज शुल्क लागतं, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात नवा उद्योग उभारला तर राज्याच्या प्रोत्साहन योजनेतून ते माफ होऊ शकतं. पण ही माफी भाग मागे राहिला म्हणून. तुम्ही वीज वाचवली म्हणून नव्हे. उलट जेवढी वीज जास्त जाळाल, तेवढी माफीची रक्कम मोठी. मला ही उफराटी गोष्ट वाटते.

बचतीचं लक्ष्य बांधून देणारी योजना दिल्लीने आणली ती बड्यांसाठी, आणि तो करार नव्हे, हुकूम आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच्या आधारे ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१२ मध्ये ‘पॅट’ सुरू केली. पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्रं मिळतात नि ती विकता येतात. मागे पडलेल्याने ती विकत घ्यायची. आता २०२३ च्या कार्बन क्रेडिट योजनेने गाडी कार्बनच्या बाजाराकडे वळते आहे.

तुमचा नंबर तिथे का लागत नाही, ते हिशेबाने पाहू. पॅटमध्ये कापड गिरणीला उंबरठा होता वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेचा. एक टन तेल म्हणजे ११,६३० युनिट. समजा, तुम्ही रोज २० टन बर्फ काढता आणि टनाला ६० युनिट लागतात. वर्षाच्या ३०० दिवसांत ३ लाख ६० हजार युनिट झाले, म्हणजे जेमतेम ३१ टन तेल. उंबरठ्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास!

छोट्यांसाठी करारासारखं काही असेल, तर ती जुलै २०२५ मधली ‘अदिती’ योजना. तिच्यात सूट करात नाही, व्याजात. वीज वाचवणाऱ्या यंत्रासाठी कर्ज घेतलं तर सूक्ष्म-लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के, मध्यमाला ३ टक्के सवलत. अट, किमान १० टक्के ऊर्जा वाचल्याचं दाखवायचं. चौदा क्षेत्रांत मत्स्योद्योगही आहे. पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह घेतले आहेत, तेव्हा आपला भाग त्यात येतो का, ते अर्जाआधी ‘महाऊर्जा’ या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे विचारा. शिवाय १९६२ च्या आयकर नियमांत मोटारचा वेग आवरणारी साधनं, कॅपॅसिटर वगैरेंना ४० टक्के घसारा होता. साध्या यंत्राला १५. आजचा दर सीएंना विचारा.

बचत दाखवायची म्हटलं की वही आली. तीस अंशांचं पाणी गोठवायला टनामागे १२८ युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता खेचतो असं धरलं तरी ४३ युनिट झाले. त्यावर जे जातं ते कंडेन्सरवरच्या खपलीत, टाकीच्या फुगलेल्या फळ्यांत, पंपांत. त्यात मासळी कमी आली की उठाव पडतो, लाद्या निम्म्या निघतात. पण मिठाच्या पाण्याची टाकी मात्र तेवढीच गार ठेवावी लागते. मग टनामागचे युनिट वाढतात, नि कागदावर तुम्ही उधळे ठरता. म्हणून रोजचे युनिट आणि रोजच्या लाद्या शेजारीशेजारी लिहा. एक जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीनंतर टाकी पहिल्यांदा गार कराल, तो दिवस वेगळा टिपा. त्या दिवशी लादी एकही निघत नाही, मीटर मात्र पळत असतो.