वेदना मोठी कीं धोका मोठा?



घरांत अकस्मात् कोणाला कांहीं झालें म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा नसतो. रात्रींच निघावें, कीं उजाडेपर्यंत वाट पाहावी, हा पहिला प्रश्न असतो. ह्याचा निकाल डॉक्टर करीत नाहींत, कारण त्या घटकेस डॉक्टर घरांत नसतात. तो निकाल आई, सासू, थोरला भाऊ किंवा शेजारचा एखादा जाणता मनुष्य करितो. आणि बहुधा हे सर्व एकच माप लावितात. फार दुखतें काय? फार दुखत असेल तर गाडी काढावयाची. थोडें दुखत असेल तर अंथरूण घालावयाचें. हें माप केव्हां फसवितें, आणि त्याच्या जोडीस दुसरें कोणतें माप लावावें, हें ह्या धड्यांत पाहावयाचें आहे.

१. एकाच संध्याकाळचे दोन रोगी

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील वालूर गांवीं एक जुनी चक्राकार दगडी बारव आहे. ती गाळानें व झुडपांनीं बुजून गेली होती; अलीकडच्या काळांत गांवकऱ्यांनीं श्रमदान करून ती मोकळी केली. जुना दगड हलविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, चिऱ्यांच्या सांदींत विंचवाचें घर असतें. सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची रास, कुडाची भिंत, अंगणांत काढून ठेविलेला जोडा, ह्याही त्याच्या आवडीच्या जागा आहेत.

आतां असें समजूं या कीं, अशाच एखाद्या गांवीं दगड उचलतांना एका संध्याकाळीं दोघांस विंचू चावला. एक तिशीचा धट्टाकट्टा गडी, व दुसरा नऊ वर्षांचा मुलगा. गडी ओरडतो, हात झटकतो, जमिनीवर गडबडा लोळतो. त्याच्याभोंवतीं दहा माणसें जमतात. कोणी मांत्रिकाकडे धांवतो, कोणी गाडी पाहावयास जातो. मुलगा मात्र थोडा वेळ रडून गप्प झाला आहे. त्याला दोनदां ओकारी झाली. त्याचें कपाळ, मान व पाठ घामानें भिजली आहे आणि तळहात गार लागतात. आजी म्हणते, "लेकरूं भ्यालें आहे. घाम आला, आतां विष उतरेल. निजूं द्या त्याला."

आजीचें प्रेम खोटें नाहीं आणि तिचा अनुभवही खोटा नाहीं. तापांत घाम आला म्हणजे ताप उतरतो हें तिनें शंभर वेळां पाहिलें आहे. परंतु तो अनुभव येथें लागू पडत नाहीं. ह्या दोघांपैकीं ज्याचा जीव संकटांत आहे तो ओरडणारा गडी नव्हे. तो गप्प पडलेला मुलगा होय.

२. हें कोणी पाहिलें?

ही गोष्ट पुस्तकांतून आपल्या गांवीं आलेली नाहीं; ती आपल्याच मातींतील एका डॉक्टरानें रोग्यांच्या उशाशीं बसून शोधून काढिली. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांचा जन्म जालना जिल्ह्यांतील देहेड ह्या खेड्यांत झाला. ते डॉक्टर होऊन रायगड जिल्ह्यांत महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत सरकारी नोकरीस गेले. तेथें लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः लहान मुलें, दगावतांना त्यांनीं पाहिलीं. हीं माणसें वेदनेनें मरत नसत. त्यांचें हृदय थकून जाई, फुप्फुसांत पाणी भरे आणि श्वास कोंडे.

त्यांनीं रात्ररात्र जागून प्रत्येक रोग्याचा घाम, नाडी, रक्तदाब व श्वास ह्यांची नोंद ठेविली. हृदयावरील संकटाची आगाऊ सूचना देणारीं चिन्हें कोणतीं, हें त्यांनीं १९८२ सालीं इंग्लंडांतील 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पुढें प्राझोसिन नांवाची गोळी ह्या दंशावर गुणकारी ठरते, हें त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनीं दाखविलें. त्यावरील लेख १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत आला. ही गोळी येण्यापूर्वीं, फुप्फुसांत पाणी भरण्यापर्यंत मजल गेलेल्या शंभर रोग्यांपैकीं पंचवीस ते तीस दगावत. योग्य वेळीं गोळी मिळूं लागल्यावर हें प्रमाण फारच थोड्यावर आलें. भारत सरकारनें २०२२ सालीं डॉ. बावस्कर ह्यांस पद्मश्री दिली.

३. विष काय करितें

लाल विंचवाचें विष अंगांत पसरलें म्हणजे तें मज्जातंतूंस एकसारखें चेतवितें. आरंभीं घाम सुटतो, लाळ गळते, ओकाऱ्या होतात. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलतांना हृदयावर फार ताण पडतो. शेवटीं तें थकतें, रक्त मागें तुंबतें व फुप्फुसांत पाणी उतरतें. प्राझोसिन ही गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करिते, म्हणजे हृदयावरील ओझें उतरविते. परंतु तिनें रक्तदाब एकदम खालीं येऊं शकतो. यास्तव ती डॉक्टरांच्या नजरेखालींच द्यावयाची आहे, घरीं नव्हे.

आतां मुख्य गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याच्या अंगांत विष असें भिनतें, त्याला डंखाच्या जागीं पुष्कळदां थोडीच वेदना असते. उलट ज्याला डंखाच्या जागीं असह्य आग होते, पण दुसरें कोणतेंही चिन्ह नाहीं, तो बहुधा जिवावरच्या संकटांतून दूर असतो. इतकेंच नव्हे, तर डॉ. बावस्कर ह्यांनीं असेंही पाहिलें कीं, भिनलेलें विष ओसरूं लागलें म्हणजे डंखाच्या जागीं वेदना पुनः जाणवूं लागते. तेव्हां वेदना परत येणें हें अशा रोग्यांत सुधारण्याचें लक्षण ठरतें! मांत्रिकानें झाडा घातला व आग कमी झाली, म्हणून विष उतरलें असें मानणारा मनुष्य किती मोठ्या भ्रमांत असूं शकतो, हें ह्यावरून दिसतें.

४. विंचू चावल्यावर काय पाहावें

(अ) दरदरून घाम आहे काय? अंगाला हात लावून पाहावें.
(आ) ओकारी झाली काय? तोंडांतून लाळ गळते काय?
(इ) तळहात व तळपाय गार आहेत काय?
(ई) मुलगा किंवा पुरुष असल्यास जननेंद्रिय ताठर होऊन तसेंच राहिलें आहे काय? लाजेस्तव हें कोणी सांगत नाहीं व कोणी विचारीत नाहीं. पण हें अगदीं आरंभींच्या चिन्हांपैकीं एक आहे. आईबापांनीं तें न लाजतां पाहावें व डॉक्टरांस सांगावें.
(उ) छाती धडधडते काय? खोकला, धाप किंवा तोंडास गुलाबी फेस आहे काय?

ह्यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास त्याच घटकेस निघावें. शेवटलें चिन्ह दिसेपर्यंत थांबणें म्हणजे घर अर्धें जळेपर्यंत पाणी न ओतणें होय. लहान मूल असेल तर एकही चिन्ह नसतां देखील त्यास दवाखान्यांत नेऊन कांहीं तास नजरेखालीं ठेवावें. दंशानंतर अर्ध्या तासांत जें नव्हतें तें तीन तासांनीं दिसूं शकतें. मोठ्या माणसास नुसती वेदना असल्यास डंखावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी, त्यास धीर द्यावा, आणि वरील पांच गोष्टी पुनः पुनः पाहाव्या. वेदना असह्य असल्यास त्यासही न्यावें. डॉक्टर ती जागा बधिर करून आराम देऊं शकतात.

५. हाच नियम दुसरीकडे

कमी वेदना म्हणजे कमी धोका नव्हे, ही गोष्ट विंचवापुरतीच खरी नाहीं.

मण्यार हा साप बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या मनुष्यास चावतो. दांत इतके बारीक असतात कीं, पुष्कळदां जाग येत नाहीं व खूणही सांपडत नाहीं. पहांटे मनुष्य पोट दुखतें किंवा मळमळतें म्हणून उठतो. घरचे म्हणतात, रात्रीचें जेवण बाधलें. मग पापण्या जड होऊन मिटूं लागतात, गिळतां येत नाहीं, बोलणें अस्पष्ट होतें, आणि शेवटीं श्वास थांबतो. जमिनीवर निजलेल्या मनुष्याच्या पापण्या सकाळीं उघडत नसतील, तर सापाची खूण शोधीत बसूं नये, तडक न्यावें. दंशाची जागा कापूं नये, चोखूं नये, घट्ट दोरी बांधूं नये. रोग्यास चालवूं नये. दंश झालेला हात किंवा पाय हलूं देऊं नये.

हृदयविकाराचा झटका नेहमींच छातींत कळ आणून येतो असें नाहीं. वृद्धांस, मधुमेह्यांस व स्त्रियांस पुष्कळदां नुसती धाप लागते, गार घाम सुटतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो, अंगांतील बळ गेल्यासारखें वाटतें. ह्यासच आपण पित्त म्हणून सोडा पाजतों. नेहमींच्या पित्तांत मनुष्य घामानें भिजत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

पक्षाघातांत तर बहुधा मुळींच दुखत नाहीं. तोंड एका बाजूस वांकडें होतें, एक हात उचलत नाहीं, जीभ अडखळते. मेंदूंतील रक्ताची गांठ विरघळविण्याचें औषध आरंभापासून साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. तेल चोळण्यांत सकाळ गेली म्हणजे तो काळ गेला.

ह्याचा अर्थ वेदनेकडे दुर्लक्ष करावें असा मात्र नव्हे. पूर्वीं कधीं झाली नव्हती अशी एकाएकीं उठलेली डोकेदुखी, किंवा पोट लांकडासारखें ताठ करणारी कळ, ही स्वतःच धोक्याची खूण आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, वेदना हा एक साक्षीदार आहे. तो एकटाच न्यायाधीश नव्हे. श्वास, घाम, हातपायांची ऊब, शुद्ध व बोलणें, हे दुसरे पांच साक्षीदार बोलावल्यावांचून निकाल देऊं नये.

६. निघतांना

महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां रुग्णवाहिका मिळते. त्यास पैसे पडत नाहींत. गांवाचें नांव, जवळची ठळक खूण आणि रोग्याचीं चिन्हें शांतपणें सांगावीं. ती येईपर्यंत रोग्यास एकटें सोडूं नये. दंश केव्हां झाला, पहिली ओकारी केव्हां झाली, तोंड वांकडें नव्हतें असें शेवटचें केव्हां पाहिलें, ह्या वेळा कागदावर लिहून सोबत न्याव्या. डॉक्टरांस त्या कागदाचा मोठा उपयोग होतो. वालूरकडील मनुष्यानें सेलू किंवा परभणी ह्यांपैकीं कोठें जावें, हें जवळच्या आरोग्य केंद्रांत सुखाच्या दिवशींच विचारून ठेवावें. विंचवावरची गोळी व सापावरची लस कोठें मिळते, हेंही तेव्हांच विचारावें. संकटाच्या रात्रीं विचारीत फिरणें फार महाग पडतें.

एक अडचण राहते, ती मनाची. रात्रीं गाडी केली, पैसे गेले, चार माणसांची झोप मोडली, आणि डॉक्टर म्हणाले कीं, कांहीं नाहीं, घेऊन जा. तर लोक हंसतील, ह्या भयानें पुष्कळ माणसें दार उघडीत नाहींत. घरांतली सून सर्वांआधीं पाहते कीं मुलाचे हात गार पडले. पण मोठ्यांपुढें बोलावें कसें म्हणून ती गप्प राहते. मोठ्यांनो, अशा वेळीं तिला आपण होऊन विचारा. आणि शेजाऱ्यांनो, व्यर्थ गेलेल्या फेरीबद्दल कोणास हंसूं नका. तुमचें एकदांचें हंसणें दुसऱ्या एखाद्या घरीं निघणाऱ्या पायांस अडवील. फेरी व्यर्थ गेली तर एका रात्रीचें भाडें जातें. न केलेली फेरी पुनः कधीं करितां येत नाहीं.

वर सांगितलेल्या मुलाकडे पुनः एकदां पाहा. तो रडत नाहीं, कांहीं मागत नाहीं, आणि सर्वांची पाठ त्याच्याकडे आहे. ज्या घरांत एक जण तरी उठून त्याच्या तळहाताला हात लावून पाहतो, त्या घरानें हा धडा शिकला असें समजावें.

धड्यावरील प्रश्न

१. विंचू चावल्यावर वेदना थोडी असली तरी कोणतीं पांच चिन्हें पाहावीं?
२. तापांतील घाम व विंचवाच्या विषाचा घाम ह्यांत आजीची चूक कोठें झाली?
३. मण्यार चावल्याची खूण न सांपडतां ती कशावरून ओळखावी?
४. प्राझोसिन घरीं कां देऊं नये?
५. आपल्या गांवाहून रात्रीं कोठें जावयाचें, कोणाच्या वाहनानें, आणि कोणत्या क्रमांकावर बोलावयाचें? ह्याचें उत्तर घरांतील प्रत्येकानें तोंडपाठ करावें.