ताम्रपट आणि त्याची नक्कल

दिवेआगर म्हटलें कीं आपणांस नारळी-पोफळींच्या वाड्या आणि सुवर्णगणेश आठवतो. इतिहासाच्या अभ्यासकांस मात्र हें गांव तेथील ताम्रपटामुळेंही ठाऊक आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, हा लेख प्राचीन मराठीच्या मोजक्या अवशेषांपैकीं एक होय. मजकूर चिरकाल टिकावा म्हणूनच पूर्वजांनीं तो तांब्यावर कोरविला. आज आम्ही जो विषय मांडणार आहों तो जीवशास्त्रांतील आहे. परंतु तो समजण्यास हा ताम्रपट फार उपयोगी पडेल.

मनुष्याच्या बहुतेक प्रत्येक पेशींत असाच एक ताम्रपट जपून ठेविलेला असतो. त्यास डी. एन्. ए. म्हणतात. त्यावर प्रथिनें बनविण्याच्या सुमारें २०,००० आज्ञा कोरलेल्या आहेत; अशा एकेका आज्ञेस जनुक हें नांव आहे. मूळ पट पेशीकेंद्राबाहेर जात नाहीं. त्याची नक्कल निघते, ती बाहेर येते, आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतें. ह्या नकलेस संदेशवाहक आर्. एन्. ए. म्हणतात.

आतां ह्या आज्ञांपैकीं कोणती कोणतें काम करिते हें ओळखावें कसें? वाडीला पाणी लावणाऱ्या मनुष्याची युक्ति येथें कामास येते. पाटाच्या एका फांट्याच्या तोंडाशीं माती घातली म्हणजे कोणतीं आळीं कोरडीं राहतात तें पाहून त्या फांट्याचा उपयोग कळतो. शास्त्रज्ञही तसेंच करितात : एक जनुक मूक करावयाचें आणि पेशींत काय बदल होतो तें पाहावयाचें. ह्यासाठीं ताम्रपट फोडण्याची गरज नाहीं. वाटेंतली नक्कल फाडली तरी पुरे.

ही नक्कल फाडण्याची सोय ईश्वरानें पेशींतच करून ठेविली आहे, हें मोठें आश्चर्य होय. १९९८ सालीं अँड्र्यू फायर व क्रेग मेलो ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सुमारें एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमींत दाखवून दिलें कीं, जनुकाच्या मजकुराशीं जुळणारा दुपदरी आर्. एन्. ए. आंत सोडला तर तें जनुक मूक होतें. पेशी त्या धाग्याचे लहान तुकडे करिते. त्यांतील एका पदराच्या साह्यानें जुळणारी नक्कल शोधिते, आणि सांपडतांच ती कापून टाकिते. २००१ सालीं मनुष्याच्या पेशींतही, सुमारें २१ अक्षरांचे तुकडे वापरून, हेंच साधलें. फायर व मेलो ह्यांस २००६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु बाहेरून घातलेला तुकडा थोड्याच दिवसांत नाहींसा होतो. परिणाम टिकावा म्हणून तुकडा बनविण्याची आज्ञाच पेशीच्या ताम्रपटांत लिहावी लागते. हें काम विषाणूकडून करून घेतां येतें. कारण परक्या पेशींत शिरून आपला मजकूर तींत उतरविणें हाच त्याचा धंदा. एड्स् रोगाच्या विषाणूपासून शास्त्रज्ञांनीं असा एक वाहक बनविला आहे. विषाणूचीं रोग उत्पन्न करणारीं व वंश वाढविणारीं जनुकें काढून टाकितात, आणि केसांच्या आंकड्याप्रमाणें दुमडणारा एक छोटा आर्. एन्. ए. बनविण्याची आज्ञा त्यांत भरितात. कवच घडविण्यास लागणारा मजकूर वेगळ्या तुकड्यांवर ठेवितात; तो वाहकाबरोबर जात नाहीं. म्हणून वाहक पेशींत एकदांच शिरतो, आज्ञा लिहितो, आणि तेथेंच त्याचा प्रवास संपतो. त्या पेशीपासून होणाऱ्या पेशींस ती आज्ञा वारशानें मिळते.

२०२० ची महामारी पाहिलेल्या पालकांस विषाणूचें नांव ऐकून धाक वाटेल, व तो अगदींच निराधार नव्हे. ही आज्ञा पटावर कोठें उतरेल हें नेमकें सांगतां येत नाहीं. म्हणून असे प्रयोग जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखालीं बंदिस्त प्रयोगशाळेंतच करावे लागतात.

जनुक मूक करण्याच्या ह्या विद्येचें एक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यांतलें आहे. खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे. केराटीन ८ नांवाचें प्रथिन तोंडाच्या कर्करोगांत नको तेथें आढळतें. तें रोगास साह्य करितें कीं रोगाची केवळ खूण आहे, हा प्रश्न होता. तेथील संशोधकांनीं जिभेच्या कर्करोगापासून वाढविलेल्या पेशींत त्याचें जनुक अशाच आंकड्याच्या आर्. एन्. ए. नें मूक केलें. (आंकडा आंत पोंचविण्याचे विषाणूवांचूनही मार्ग आहेत; साधन कोणतेंही असो, तत्त्व एकच.) २०११ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, जनुक दबल्यावर त्या पेशींचा आक्रमकपणा कमी झाला. म्हणजे हें प्रथिन नुसता साक्षीदार नसून रोगाचा साथीदारही आहे.

असा निष्कर्ष काढतांना सावधगिरी लागते. तुकडा चुकून दुसरीच नक्कल फाडूं शकतो. म्हणून एकाच जनुकासाठीं दोन निरनिराळे आंकडे वापरून पाहतात, कोणत्याच जनुकाशीं न जुळणारा एक आंकडा तुलनेस ठेवितात, आणि शक्य तर मूक जनुक पुन्हां बोलकें करून पेशी पूर्ववत् होते कीं काय तें तपासतात. शिवाय कांचेच्या बशींतील पेशी निवळली म्हणजे रोगी बरा झाला, असें नव्हे.

शेवटची गोष्ट सांगतांना आम्हांस थोडा संकोच होतो. दिवेआगरच्या कित्येक घरांची चूल पोफळीच्या उत्पन्नावर पेटते. पाहुण्यापुढें पानसुपारी ठेवणें हा आपला शिष्टाचार. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुपारी ही, तंबाखूवांचूनही, मनुष्यास कर्करोगकारक ठरविली आहे. ज्या रोगावर खारघरचे संशोधक खपत आहेत, त्याची वाट पुष्कळदां आपल्या अडकित्त्यापासून सुरू होते. मुलांनो, पूर्वजांनीं तांब्यावर कोरलेला लेख नऊशें वर्षांहून अधिक काळ टिकला. तुमच्या देहांतील लेख जपण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. शाळेच्या वाटेवर सुपारीची पुडी घेतली नाहीं म्हणजे पुष्कळ झालें. एवढें जरी ह्या लेखानें साधलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.