दोन मिनिटांचे थांबणे
‘मुंबई मेरी जान’ या चित्रपटातील एका दृश्याचा अभ्यास



चित्रपट हा केवळ करमणुकीचा विषय आहे, असे आपण सहसा धरून चालतो. परंतु काही चित्रपट असे असतात की ते पाहून झाल्यावर कुटुंबात चार गोष्टी बोलाव्याशा वाटतात. या रविवारी आपण अशाच एका चित्रपटाचा, त्यातही मुख्यतः त्याच्या शेवटच्या दृश्याचा विचार करणार आहोत. चित्रपटाचे नाव ‘मुंबई मेरी जान’. ऑगस्ट २००८ मध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निशिकांत कामत. ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी चित्रपट त्यांनीच २००५ मध्ये केला होता. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रसंग आपल्याच रेल्वेमार्गावरचा

चित्रपटाची पार्श्वभूमी आपल्याला परकी नाही. ११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळची घरी परतण्याची वेळ. चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या लोकल गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत, साधारण ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढच्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. ज्या स्थानकांची नावे आपण रोज खिडकीतून वाचतो, त्यांच्याच आसपास ही आपत्ती कोसळली. १८९ जण मृत्युमुखी पडले, ८०० हून अधिक जखमी झाले. कित्येकांचे हातपाय गेले, कित्येकांची ऐकण्याची शक्ती गेली.

वसई-विरार पट्ट्यातील माणसाला लोकल म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. नोकरदार, कॉलेजची मुले, फुले आणि भाजी घेऊन पहाटे निघणाऱ्या आपल्या आयाबहिणी या सर्वांचे आयुष्य त्या रुळांना बांधलेले आहे. घरातला माणूस परत यायला अर्धा तास उशीर झाला की दाराकडे लागणारे डोळे आपल्या ओळखीचे आहेत. त्या संध्याकाळी मोबाईलची यंत्रणा कोलमडली होती आणि हजारो घरांत ते डोळे रात्रभर दाराकडे लागून राहिले.

चित्रपट काय दाखवतो?

चित्रपट बाँब ठेवणाऱ्यांच्या मागे जात नाही. स्फोटानंतर जगायला उरलेल्या पाच साध्या माणसांच्या मागे तो जातो.

निखिल हा सुस्थितीतला नोकरदार. परवडत असूनही गाडी न घेता लोकलनेच जाणारा. स्फोट झाला त्या दिवशी तो नेहमीच्या फर्स्ट क्लासऐवजी सेकंड क्लासच्या डब्यात चढलेला असतो, म्हणून वाचतो. अंगावर मोठी जखम नाही, पण लोकल दिसली की त्याचे हातपाय गळतात. रूपाली ही दूरचित्रवाणीवरची पत्रकार, लग्न तोंडावर आलेले. इतरांच्या दुःखाच्या बातम्या देणाऱ्या या मुलीचा होणारा नवराच स्फोटात जातो, आणि तिच्याच वाहिनीला तिचे दुःख म्हणजे एक चांगला कार्यक्रम वाटू लागतो. सुरेश हा एक तरुण. शहरावर आलेल्या संकटाचा राग तो एका निरपराध मुस्लिम तरुणावर काढू पाहतो आणि त्याचा माग काढत फिरतो. थॉमस हा सायकलवरून कॉफी विकणारा दक्षिणेकडचा गरीब माणूस. चकचकीत मॉलमधून कुटुंबासमोर अपमान करून त्याला बाहेर काढले जाते, तेव्हा तो बाँबच्या खोट्या अफवांचे फोन करून सूड घेऊ लागतो. आणि तुकाराम पाटील हा निवृत्तीला आलेला पोलीस, आयुष्यभर काय केले याचा हिशेब मांडत बसलेला.

या पाच जणांत कोणी नायक नाही, आणि हेच या चित्रपटाचे मोठेपण आहे. दहशतवादाने फक्त मेलेल्यांना आणि जखमींना मारलेले नसते. कोणाच्या मनात भीती शिरते, कोणाच्या मनात द्वेष, कोणाला दुसऱ्याच्या भीतीचा फायदा घ्यावासा वाटतो. स्फोटाचा आवाज विरला तरी त्याचे तरंग घराघरांत पसरत राहतात. चित्रपट हे तरंग दाखवतो.

शेवटचे दृश्य

शेवटी शहर मृतांना श्रद्धांजली वाहण्यासाठी दोन मिनिटे थांबते. जे शहर कधी थांबत नाही म्हणून प्रसिद्ध, ते जिथल्या तिथे उभे राहते. गाड्या थांबतात, रस्ते थांबतात. ज्यांना आपण दोन तास वेगवेगळे पाहिले, ती माणसे आपापल्या जागी त्याच शांततेचा भाग होतात. पार्श्वभूमीला १९५६ च्या ‘सी.आय.डी.’ चित्रपटातील, मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांनी गायिलेले मुंबईवरचे जुने गाणे वाजते. ‘मुंबई मेरी जान’ हे नावही याच गाण्यावरून आले आहे. गाण्याची चाल खेळकर आहे, समोरचे दृश्य मात्र मन हेलावणारे. हसरी चाल आणि स्तब्ध शहर एकत्र आले की गळा दाटून येतो.

हे दृश्य मनाचे खेळ नाही. स्फोटांनंतर बरोबर एक आठवड्याने, १८ जुलै २००६ रोजी संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी मुंबई खरोखर थांबली होती. भोंगे वाजले, सिग्नल लाल झाले, चित्रपटगृहांतले खेळ थांबले, लोकल थांबल्या. त्या वेळचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली शहराने दोन मिनिटे मौन पाळले. माहीम स्थानकात लोकांनी मेणबत्त्या लावल्या.

या दृश्यातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट : थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

१२ जुलैच्या सकाळी लोकल पुन्हा धावू लागल्या होत्या आणि माणसे पुन्हा डब्यांत चढली होती. त्याचे खूप कौतुक झाले. ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द तेव्हापासून आपल्या कानांवर वारंवार पडत आला आहे. त्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु थोडे थांबून विचारले पाहिजे, की दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्यांपैकी किती जण धैर्याने गेले आणि किती जण खाडा झाला तर पगार कापला जाईल म्हणून गेले? पोटासाठी उठावे लागणे आणि दुःखातून सावरून उठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीलाच दुसरीचे नाव दिले की रडण्याचा हक्कही हिरावला जातो. ‘बघा, शहर कसे उभे राहिले,’ असे आपण म्हणतो, तेव्हा ज्या घरातला कर्ता मुलगा गेला ते घर उभे राहिले का, हे विचारायचे राहून जाते.

चित्रपटाने शेवट करताना धावती लोकल दाखवली असती तर तो ‘मुंबई स्पिरिट’चा आणखी एक गौरव ठरला असता. त्याने थांबलेले शहर दाखवले. सावरण्याची सुरुवात धावण्यापासून होत नाही. सर्वांनी मिळून थांबण्यापासून होते, हे त्या दोन मिनिटांचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट : दुःखाला सोबत लागते, प्रेक्षक लागत नाहीत.

रूपालीच्या कथेत कॅमेरा तिच्या अश्रूंकडे पाहतो, पण तिच्याजवळ बसत नाही. मौनाच्या दृश्यात याच्या उलट घडते. तिथे कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही, तरीही सगळे एकमेकांसोबत असतात. ईयोबाची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्याचे मित्र आले, तेव्हा सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तोवर सारे ठीक होते. ते बोलू लागले, कारणे सांगू लागले, तेव्हा त्यांचे चुकले. आपल्याकडे एखाद्या घरी मयत झाली की आपण धावून जातो, ही आपली चांगली परंपरा आहे. पण ‘कसं झालं?’, ‘शेवटचं काय बोलला?’, ‘देवाची इच्छा’, ही वाक्ये दहाव्यांदा ऐकताना त्या विधवेला काय वाटत असेल? अशा वेळी तिच्याजवळ मुकाट्याने बसलेले माणूसच तिला जास्त आधार देते.

तिसरी गोष्ट : भीती हा दुबळेपणा नव्हे.

निखिलला लोकलची भीती वाटते, हे पाहून काहींना तो भित्रा वाटेल. डॉक्टर याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मोठ्या आघातानंतर मन आणि शरीर धोक्याच्या तयारीतच अडकून राहते. झोप उडते, स्वप्ने पडतात, फटाका वाजला तरी छातीत धडधडते, त्या जागेकडे पाय वळत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत हे अनेकांना होते आणि बहुतेकांचे हळूहळू कमी होते. महिना उलटूनही ते टिकून राहिले, तर उपचारांची गरज असते आणि उपचारांचा उपयोगही होतो. ज्या गोष्टीची भीती वाटते ती कायमची टाळत राहिले, तर भीती वाढते. विश्वासाच्या माणसाला सोबत घेऊन, थोड्या थोड्या पावलांनी तिच्याकडे परत गेले, तर ती ओसरते. निखिलही शेवटी लोकलकडे परततो. ‘एवढं काय घाबरायचं?’ असे म्हणण्यापेक्षा ‘चल, मी येतो तुझ्याबरोबर दादरपर्यंत,’ असे म्हणणारा मित्र अशा माणसाला हवा असतो.

चौथी गोष्ट : दुःखाचा राग होऊ देऊ नये.

सुरेश आणि थॉमस या दोघांचा राग अगदी अकारण नाही. पण तो चुकीच्या दारात जातो. थॉमसच्या खोट्या फोनमुळे मॉलमध्ये पळापळ होते आणि एका वृद्ध गृहस्थांना हृदयविकाराचा झटका येतो. मॉलवर घ्यायचा सूड एका म्हाताऱ्यावर उगवतो. हे उमगल्यावर थॉमस थांबतो आणि त्या वृद्धाला फूल नेऊन देतो. सुरेशचा संशयही त्या तरुणाशी प्रत्यक्ष बोलणे होते तेव्हाच विरघळू लागतो. दोघेही दुरून पाहत होते तोवर समोर शत्रू होता. जवळ गेल्यावर समोर माणूस दिसला. दहशतवाद्याला हवे असते ते हेच, की शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे. ते आपण होऊ दिले नाही, तर त्याचा अर्धा डाव तिथेच फसतो.

न संपलेले दुःख

या विषयाला आज आणखी एक बाजू आहे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने या प्रकरणात १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावे अपुरे असल्याचे सांगून त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

निकालाची चिकित्सा करणे हे आमचे काम नाही. पण त्या दिवशी दोन प्रकारच्या घरांत काय झाले असेल, याचा विचार आपण करू शकतो. ज्यांची माणसे गेली त्यांना १९ वर्षांनंतर ‘मग हे केले कोणी?’ या प्रश्नाशी नव्याने उभे राहावे लागले. ज्यांची मुक्तता झाली त्यांच्या आयुष्यातील इतकी वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतील एकाने तर मुक्ततेचा दिवस पाहिलाच नाही, तो २०२१ मध्ये तुरुंगवासातच मरण पावला. दोन्हीकडच्या आया रडल्याच असतील. दुःख एका बाजूचे आणि न्याय दुसऱ्या बाजूचा, अशी सोपी वाटणी इथे होत नाही.

म्हणूनच त्या दोन मिनिटांच्या दृश्याचा अर्थ आज अधिक खोल झाला आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मगच शोक करायचा, असे ठरवले तर काही घरांत तो कधीच करता येणार नाही. लाजरसाच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला. थोड्याच वेळात तो मित्राला हाक मारणार होता, तरीही आधी तो रडला. आशा आहे म्हणून अश्रू अनावश्यक ठरत नाहीत.

आपण काय करू शकतो?

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत, लहान आहेत. ज्या घरात अपघाताने, आजाराने किंवा अशा घातपाताने अचानक माणूस गेले, तिथे पहिल्या आठवड्यात गर्दी असते, सहाव्या महिन्यात कोणी नसते. त्या सहाव्या महिन्यात जाऊन यावे. वर्षश्राद्धाच्या मिस्साला त्या कुटुंबाच्या बाकावर शेजारी बसावे. नुकसानभरपाईचे, विम्याचे, बँकेचे कागद घेऊन खेटे घालणाऱ्या बाईबरोबर एक दिवस जावे. लोकलमधल्या आपल्या ग्रुपमधला कोणी येईनासा झाला, तर त्याच्या घरी फोन करावा.

चर्चेसाठी प्रश्न (कुटुंबात किंवा समूहाच्या बैठकीत)

१. ‘मुंबई स्पिरिट’ हे शब्द ऐकले की आपल्या मनात काय येते? सावरणे आणि नाइलाजाने उठणे यांत आपण फरक कसा करू?

२. आपल्या ओळखीच्या कोणाचे दुःख अजून ओसरलेले नाही, पण आपण ते संपले असे धरून चाललो आहोत?

३. एखाद्या मोठ्या घटनेनंतर आपण ज्यांच्याकडे संशयाने पाहू लागलो, त्यांच्यापैकी कोणाशी प्रत्यक्ष बोललो आहोत का?

४. दुःखी घरात गेल्यावर आपण नेहमी जी वाक्ये बोलतो, त्यांतली कोणती यापुढे टाळता येतील?

चित्रपट मिळाल्यास मोठ्या मुलांसह एकदा जरूर पाहावा. शेवटच्या दृश्याच्या वेळी मात्र घरातल्या कोणी मधेच उठू नये. तेवढी दोन मिनिटे सर्वांनी मिळून बसावे.