घाटासाठी दुसरी बॅटरी

ही कृती कोणत्या सायकलीसाठी आहे ते आधी सांगतो. ई-मोटोरॅड, हीरो लेक्ट्रो अशा आपल्याकडच्या कंपन्यांच्या बऱ्याच डोंगरी ई-सायकलींत 36 व्होल्टची बॅटरी आणि मागच्या चाकात 250 वॉटची हब मोटर असते. बॅटरी काढून तिची जोडणीची जागा पाहा. तिथे दोनच जाड पिना असतील तर दुसऱ्या कोणाची जादा बॅटरी या सायकलीला चालू शकते. बॉश किंवा शिमानोची मोटर पेडलपाशी बसवलेल्या सायकलींचं तसं नाही. तिथे बॅटरी आणि मोटर यांच्यात सतत संदेशांची देवाणघेवाण चालते आणि ओळख पटली नाही तर मोटर सुरू होत नाही. चार्जिंगच्या सॉकेटमधून वीज भरणारे जोड मिळतात, पण चार्जिंग चालू असताना या मोटरी बहुधा बंदच राहतात, म्हणजे ऐन चढावर त्यांचा उपयोग नाही. अशी सायकल असेल तर मूळ कंपनीचाच जोड घ्यावा. बॉशचा पॉवरमोर 250 वॉट-तासांचा आहे, स्पेशलाइज्डच्या लेव्हो एसएलचा 160 चा आणि ऑर्बिया राइजच्या आधीच्या मॉडेलांचा 252 चा.

आता हब मोटरवाल्यांसाठी. दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि गरज मोजा. स्वाराचं आणि सायकलीचं मिळून किलोतलं वजन, गुणिले मीटरमधली चढाई, गुणिले 9.8, भागिले 3600. उत्तर वॉट-तासांत येतं. खडकवासल्याकडून सिंहगडावर जाताना उंचीत 600-700 मीटरची भर पडते. 600 मीटर आणि एकूण 100 किलो धरले तर 163 वॉट-तास. मोटर आणि कंट्रोलरमध्ये वाया जाणारी वीज धरून दीडपट करा, म्हणजे 245. त्यातला तिसरा हिस्सा तुमच्या पायांनी उचलला तर बॅटरीवर पुन्हा 165 च्या आसपासच भार येतो. जाऊन-येऊन 30 किलोमीटर सपाटी असेल तर तिचे दर किलोमीटरला 7 प्रमाणे 210 मिळवा. एकूण 375. तुमची 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी 360 वॉट-तासांची आहे. म्हणजे कमी पडतं ते थोडंच, आणि त्यासाठी 500 वॉट-तासांचं धूड वर ओढत न्यायची गरज नाही.

पण म्हणून सर्वांत लहान पॅकही घेऊ नका. बहुतेक जण इथेच फसतात. 36 व्होल्टच्या पॅकमध्ये 10 सेल ओळीने जोडलेले असतात आणि अशा किती ओळी शेजारी-शेजारी आहेत यावर क्षमता ठरते. कंट्रोलर चढावर 15 अँपिअर ओढत असेल आणि ओळी दोनच असतील, तर प्रत्येक सेलवर साडेसात अँपिअर येतात. 2.6 अँपिअर-तासांच्या साध्या सेलची मर्यादा 5 अँपिअरच्या आसपास असते. असा पॅक घाटात तापतो, व्होल्टेज कोसळतं आणि अर्धी वीज शिल्लक असताना मोटर बंद पडते. तीन ओळींचा, साधारण 280 वॉट-तासांचा पॅक घ्या. बीएमएसची, म्हणजे पॅक सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची, सलग अँपिअर-मर्यादा कंट्रोलरच्या कमालपेक्षा जास्त हवी; 15 च्या कंट्रोलरला 20 चा बीएमएस.

दुकानात पॅक हातात आला की वजन करा. 18650 जातीचा एक सेल 45 ते 50 ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर साडेतीन अँपिअर-तास मावतात. तुलनेसाठी, स्पेशलाइज्डचा 160 वॉट-तासांचा जोड सुमारे एक किलोचा आहे आणि बॉशचा 250 चा दीड किलोच्या आसपास. कोणी दीड किलोच्या पॅकवर 20 अँपिअर-तास असं छापलं असेल तर तो आकडा खोटा आहे, तिथून निघा. आतली रसायनं कोणती तेही विचारा. साधी लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर 42 व्होल्ट दाखवते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या 12 सेलच्या पॅकचा चार्जर 43.8 व्होल्टचा असतो, आणि तो चुकून पहिल्या जातीच्या पॅकला लावला तर सेल मर्यादेपलीकडे भरायला लागतात. जातीनुसार चार्जर वेगळा ठेवा, त्यावर रंगीत पट्टी चिकटवा. 48 व्होल्टचा पॅक तर 36 च्या कंट्रोलरला लावूच नका. भरल्यावर तो 54.6 व्होल्ट देतो, आणि कंट्रोलरमधले कपॅसिटर बऱ्याचदा 50 व्होल्टपर्यंतचेच असतात. पावतीवर विक्रेत्याकडून सेलची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या.

जोडणीचा नियम एकच, आणि मी तो सोडत नाही: एका वेळी एकच बॅटरी. दोन्ही समांतर लावल्या की अंतर दुप्पट, असं अनेक जण सांगतात. मूळ बॅटरी 34 व्होल्टवर उतरली आहे आणि नवी 42 वर आहे अशी कल्पना करा. 8 व्होल्टचा फरक, आणि दोन्ही पॅक व तारा मिळून रोध 0.2 ओहम धरला, तर त्या क्षणी 40 अँपिअर एका पॅकमधून दुसऱ्यात धावतात. हा प्रवाह चार्जिंगच्या वाटेने येत नाही, त्यामुळे अनेक बीएमएसमध्ये जादा चार्जिंगचं संरक्षण तिथे कामी येत नाही. वाचतं काय, तर थांबून प्लग बदलायचा अर्धा मिनिट.

साहित्य असं: एक्सटी-90 एस जातीचे कनेक्टर (यात ठिणगी टाळणारा रोधक आतच असतो), 2.5 चौरस मिलिमीटरची सिलिकॉन वायर, हीट-श्रिंक नळी, मल्टिमीटर, आणि 20 अँपिअरचा फ्यूज धारकासकट. फ्यूज घेताना व्होल्टेज वाचा. मोटारीचा साधा ब्लेड फ्यूज 32 व्होल्टसाठी असतो. 42 व्होल्टवर तो वितळला तरी आत विजेची ठिणगी चालू राहू शकते. 58 व्होल्ट किंवा त्यावरचा डीसी फ्यूज मागा.

मूळ बॅटरी काढून ठेवा. ती फ्रेमवर ज्या तळावर बसते त्यापासून कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन तारा, एकेक करून, मध्ये कापा. दोन्ही एकदम कापू नका. कंट्रोलरच्या टोकाला कनेक्टरचा एक भाग, तळाच्या टोकाला दुसरा. नव्या पॅकला फ्यूज लावून तळासारखाच भाग बसवा, ज्यात धातू उघडा राहत नाही. आता कंट्रोलरला एकच तोंड उरलं, म्हणून चुकूनही दोन बॅटऱ्या एकत्र लागणार नाहीत. प्लग लावण्याआधी दोन्हीकडची अधिक-उणे टोकं मल्टिमीटरने तपासा. डाग मारण्याचा सराव नसेल तर ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्याकडून हे काम करून घ्या. वॉरंटी असेल तर ती इथे संपते, हेही जाणून असा.

पॅक फ्रेमच्या त्रिकोणातच, शक्य तितका खाली बांधा. बाटलीच्या दोन स्क्रूंवर दोन किलोचा भार खडकाळ वाटेवर टिकत नाही, म्हणून पट्टी घालून वर रुंद स्ट्रॅप आवळा. पाठीवरच्या सॅकमध्ये बॅटरी ठेवून तिची तार सायकलीला जोडू नका. पडताना पाठीचा कणा आणि पॅक दोन्ही एकाच वेळी आपटतात. मागे शॉक असेल तर त्यातली हवा काढा, सायकल पूर्ण दाबा आणि पॅक किंवा तार कुठे घासते का पाहा. हवा परत भरताना वाढलेल्या वजनाचा हिशेब ठेवा. कनेक्टरच्या अलीकडे तारेला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल.

पहिली फेरी सपाटीवर, कमी सहाय्यावर. वीस मिनिटांनी कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर डाग कच्चा आहे, परत करा. मग घाट. इथे एक नवी अडचण उभी राहते. आधी बॅटरी संपायची म्हणून मोटरला विश्रांती मिळायची, ती आता मिळत नाही. तीव्र चढावर चाक हळू फिरतं तेव्हा हब मोटर विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवते. हलका गिअर ठेवा, पाय चालवा, आणि बॅटरी बदलायला थांबाल तेव्हा मोटर थंड होऊ द्या. बदलताना आधी डिस्प्ले बंद, मगच प्लग.

घरी आल्यावर पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, निवू द्या. प्रत्येकाला आपापला चार्जर, जागेपणी, दाराच्या वाटेपासून दूर, फरशीवर. फुगलेला किंवा आपटून पिचलेला पॅक पुन्हा चार्ज करू नका. तो भंगारवाल्याला न देता विक्रेत्याला परत करा; 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती जबाबदारी उत्पादकाची आहे. पावसाळ्यात महिनोन्‌महिने सायकल उभी राहणार असेल तर पॅक 37-38 व्होल्टवर ठेवा आणि मधूनमधून मोजा. लेह किंवा स्पितीचा बेत असेल तर बॅटरी रस्त्याने पाठवा. 160 वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. थंडीत तिथे पोचल्यावर शून्याखालच्या तापमानात ती चार्जही करू नका. आधी खोलीत आणून सेल उबदार होऊ द्या.