प्रत शेवटपर्यंत तपासली तरच ती प्रत

घरच्या लग्नाची, मुंजीची, बारशाची शूटिंग ज्या डिस्कवर आहे, तिची दुसरी प्रत करून आणली की काम संपलं, असं बहुतेक घरांत समजतात. खरं तर तिथे अर्धंच काम झालेलं असतं. प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही, हे शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या घरावर वेळ आली म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

ताईचं लग्न २००७ चं. शूटिंगवाल्याने दोन डीव्हीडी दिल्या, वर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीतल्या लोखंडी आलमारीत त्या राहिल्या. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा संध्याकाळी त्या आलमारीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो. काही वर्षांनी बाबांनी त्या डिस्क सीताबर्डीवरच्या एका दुकानात कॉपी करायला दिल्या. दुकानदाराने नव्या डिस्क पहिली पाच मिनिटं चालवून दाखवल्या, कॉम्प्युटरवर साइजही सारखी दिसली. एक जोडी ताईकडे पुण्याला गेली, एक मामांकडे वर्ध्याला. बाबा गेल्यानंतर ताई पहिल्यांदाच दुसरी डिस्क पूर्ण पाहायला बसली आणि तिचा फोन आला, ‘‘अरे, पाठवणी लागतच नाही. चित्र फुटतं अन् थांबून जातं.’’ मामांकडच्या प्रतीतही नेमक्या त्याच जागी तसंच.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. डीव्हीडीवरचं लेखन आतल्या कड्यापासून सुरू होऊन बाहेर सरकत जातं. डिस्क भरलेली असेल, तर कार्यक्रमाचा शेवट अगदी कडेला येतो. आणि बोटांचे ठसे, ओल, स्टिकरमुळे येणारा बाक, या सगळ्यांचा त्रास कडेलाच जास्त. त्यामुळे सुरुवात स्वच्छ चालते आणि पाठवणी अडते. कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘चूक आली तरी पुढे जा’ असं सांगून ठेवलेलं असलं, की न वाचलेल्या जागी ते नुसती शून्यं भरतं. साइज सारखीच भरते, आत काही नसतं.

मूळ डिस्क टाकून दिल्या नव्हत्या, हे नशीब. जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह आणि शेजारून मागून आणलेला यूएसबीचा, असे दोन ड्राइव्ह आणि लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन आम्ही बसलो. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा फिरतं आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. रात्री लाइन गेली, तरी सकाळी त्याच जागेपासून काम पुढे सुरू झालं. एका ड्राइव्हला न वाचता आलेले तुकडे तीच मॅप फाइल वापरून दुसऱ्याने वाचले. मोजके तुकडे सोडले तर पाठवणी हाती आली. ताईच्या डोक्यावर हात ठेवून उभे असलेले बाबा त्यात आहेत.

आता तुमच्या घरच्या डिस्कबद्दल.

आधी डिस्क पालथ्या करून पाहा. बाजारातली सिनेमाची डिस्क खालून चंदेरी असते. ती साच्यातून छापलेली. शूटिंगवाल्याने दिलेली डीव्हीडी बहुतेक वेळा खालून जांभळट दिसते. तिच्यातल्या रंगाच्या थरावर लेसरने लिहिलेलं असतं आणि तो रंग ऊन व उष्णता यांनी उतरतो. म्हणून या आधी घ्या. व्हीसीडी असतील तर त्यांनाही मागे ठेवू नका. जास्त चित्र मावावं म्हणून व्हीसीडीत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती कमी केलेली असते, त्यामुळे थोडा चराही तिला भारी पडतो.

डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. स्टिकर ओढून काढू नका. सीडीत तर माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. लेबल निघालं की तोही निघतो.

निवडक फाइली ओढून घेण्यापेक्षा पूर्ण डिस्कची इमेज करा: डीव्हीडीची आयएसओ, व्हीसीडीची बिन-क्यू. एकपदरी डीव्हीडीला ४.७ जीबी, दुपदरीला ८.५ जीबी जागा लागते. मोबाइलवर पाहायला एमपी४ हवी असेल तर ती या इमेजवरून करा, पण इमेज पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो; तो जतन म्हणून धरू नये.

मग तपासणी. कॉपी करताना किती जागी वाचन अडलं, तो अहवाल पाहा. इमेज दुसऱ्या हार्ड डिस्कवर नेली की दोन्हींचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीवरून निघणारी खूण, काढून ताडून पाहा. विंडोजमध्ये सर्टयूटिल या आज्ञेने तो काढता येतो. एक अक्षर जरी वेगळं आलं, तरी प्रत पुन्हा करा. नवी डिस्क लिहीत असाल तर कमी वेगाने लिहा आणि ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नका. शेवटी स्वतः बसून पाहा, निदान मधला भाग आणि शेवटची दहा मिनिटं.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळं गेली. एवढ्या मोठ्या संस्थेवर जी वेळ आली, ती आपल्या आलमारीवरही येऊ शकते. आमची एक हार्ड डिस्क म्हणूनच ताईकडे असते. पेन ड्राइव्ह ने-आणीपुरता बरा, वर्षानुवर्षं ठेवायला नाही. डिस्क खालच्या मजल्यावर, डबीत, उभ्या ठेवा.

हे सगळं घरच्या शूटिंगसाठी. सिनेमाच्या डिस्कला बहुधा कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

नव्या लॅपटॉपमध्ये सहसा डीव्हीडी ड्राइव्ह येत नाही. यूएसबीचा एक ड्राइव्ह चार घरांनी मिळून घेतला तरी पुरतो. उन्हाळा लागण्याआधी तो आणा, आणि सगळ्यात जुनी जांभळी डिस्क पहिली घाला.